काजवे-निरीक्षण

वळवाचे पाऊस पडून गेल्यावर काळोख्या रानात काजव्यांची लुकलुक पाहणे आणि तिची नोंद ठेवणे. महाराष्ट्रात याचा हंगाम मेच्या उत्तरार्धापासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे साधारण रोहिणी आणि मृग नक्षत्रांचा. पाऊस झोडपू लागला की काजवे दिसेनासे होतात. अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर (घाटघर, साम्रद, रतनवाडी) व पुरुषवाडी, तसेच लोणावळ्याजवळची राजमाची ही यासाठी नावाजलेली ठिकाणे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे हजारोंनी जमतात. एका फांदीवरची लुकलुक शेजारच्या फांदीने उचलावी आणि बघता बघता सगळे झाड एका ठेक्यात उघडझाप करू लागावे, हे दृश्य पाहायला लोक तिथे जातात.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला, लॅम्पिरिडी कुळातला कीटक. जगात त्याच्या २,००० हून अधिक जाती आहेत. अळी मातीत, पालापाचोळ्यात राहते, गोगलगायी खाऊन वाढते आणि स्वतःही मंद प्रकाशते. प्रौढपण जेमतेम काही आठवड्यांचे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो, आणि लुकलुक ही त्यासाठीची खूण. पोटाच्या टोकाकडील पेशींत ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. ल्युसिफरेज हे विकर ही क्रिया घडवते आणि ऊर्जा एटीपी या रेणूकडून मिळते. उष्णता जवळजवळ निघत नाही, म्हणून याला थंड प्रकाश म्हणतात. या दोन द्रव्यांचा छडा फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८० च्या दशकात लावला. प्रकाशणाऱ्या प्राण्याचा थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ चमकून विझे, गरम पाण्यातला मुळीच चमकत नसे. दोन्ही एकत्र ओतले की उजेड परत येई. उष्णतेने विकर निकामी होते, ल्युसिफेरिन मात्र टिकते, हे त्यामागचे कारण.

मुलांसाठी हा उपक्रम बिनखर्चाचा आहे. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे मोबाइलसुद्धा न पाहता नुसते थांबावे. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर काहीच मोजता येत नाही. मग एकच काजवा हेरून दहा सेकंदांत तो किती वेळा चमकला ते मोजायचे, आणि शेजारी वेळ व तापमान लिहायचे. गारव्यात लुकलुक संथ होते, हे दोन-तीन रात्रींच्या नोंदींतून मुलांना स्वतःच सापडते. वही पाहण्यापुरता टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिन कागद बांधावा. काजवे बाटलीत भरू नयेत. पायवाट सोडू नये, कारण माद्या आणि अळ्या गवतात, जमिनीलगत असतात. गाड्यांचे दिवे आणि फ्लॅश हा खरा उपद्रव: त्या उजेडात नर-मादीला एकमेकांची खूणच दिसत नाही. डोळ्यांसमोर काजवे चमकण्यासाठी एरवी आपल्याला थप्पड लागते. इथे फक्त दिवे बंद करायचे असतात, आणि गर्दीला नेमके तेच जमत नाही.

जीवदीप्ती, म्हणजे सजीवांचा असा स्वतःचा उजेड, पाहण्याचा हंगाम काजव्यांबरोबर संपत नाही. भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावरची बुरशी फिकट हिरवी उजळते. तिची उघडझाप होत नाही, ती संथ तेवत राहते. कोकण किनाऱ्यावर, बहुधा हिवाळ्यात, नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवांमुळे फुटणाऱ्या लाटा निळ्या दिसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावरही त्या दिसल्या होत्या.