कांसे म्हणजे पितळ नव्हे

कांस्ययुगाच्या गोष्टीत कुणी 'पितळी तलवारी' म्हणालं, की मला मध्येच थांबवावंसं वाटतं. दोन्ही मिश्रधातूंत तांबंच जास्त, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण कांशात मिसळतात कथील आणि पितळेत जस्त. कांसे इ.स.पू. ३००० च्या आसपास हत्यारांसाठी रुळलं होतं. पितळ सर्रास वापरात यायला रोमन काळ उजाडला.

कांशाची भट्टी त्या मानाने सोपी. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ लाच. दहाला एक या प्रमाणात कथील घातलं की मिश्रण तांब्याआधीच वितळतं, रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत उतरतो आणि निवल्यावर नुसत्या तांब्याहून कठीण होतो. खरी पंचाईत कथील आणायचं कुठून ही. तांब्याच्या खाणी पुष्कळ, कथलाच्या मोजक्या आणि लांब. अश्शूरचे (आजच्या इराकमधले) व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील लादून अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कानेश शहरात न्यायचे. तिथे सापडलेल्या हजारो मातीच्या पाट्यांवर त्यांची उधारी, करार, भांडणं सगळं नोंदलेलं आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इ.स.पू. १३०० च्या सुमारास एक जहाज बुडालं. त्यात सुमारे १० टन तांबं होतं आणि १ टन कथील. म्हणजे कांशाचं प्रमाण जहाजावरच जुळवलेलं! हत्यारापायी दूरदूरचे लोक एकमेकांवर इतके अवलंबून झाले, हीच मला कांशाची सर्वांत मोठी करामत वाटते.

पितळेचं गणित नेमकं उलटं. जस्ताचं खनिज दुर्मीळ नाही, पण धातू हाती लागत नाही. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. उघड्या भट्टीत त्याची वाफ होते, हवा लागताच पेटते आणि मागे पांढरी राख उरते. म्हणून जुने कारागीर जस्त वेगळं काढतच नसत. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत, म्हणजे मातीच्या भांड्यात, घालून तापवायचे. वाफ थेट तांब्यात मुरायची. रोमन सेस्टर्टियस नाणी अशाच पितळेची.

वाफ धरून शुद्ध जस्त मोठ्या प्रमाणावर काढलं ते राजस्थानातल्या जावरच्या कारागिरांनी. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी ते भट्टीत उलट्या लावत. वाफ खाली उतरून थंड भागात जमायची. एक मूस एकदाच कामी येई. त्या वापरलेल्या मुशी रचून उभारलेल्या भिंती जावरला आजही दिसतात.