मूषक-सर्वेक्षण, मानवी वस्तीतील

घरे, गोदामे, गटारे व लगतचा परिसर यांतील उंदीर-घुशींच्या संख्येचा आणि त्यांच्या अंगावरील पिसवांचा ठरावीक काळाने घेतला जाणारा अंदाज. नियंत्रणमोहीम कोठे घ्यावी व ती लागू पडली का, हे त्यावरून ठरते.

भारतात या कामाला शास्त्रीय वळण लागले ते मुंबईच्या प्लेगमुळे (१८९६). पिसवांमार्फत रोग पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडले, पण ते बरीच वर्षे मान्य झाले नाही. १९०५ पासून परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने शहरभरातून गोळा केलेले उंदीर तपासून ते सिद्ध केले. आयोगाला असे आढळले, की साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरात, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरात आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत येते. ‘उंदीर पडू लागले’ म्हणून घर सोडणाऱ्यांच्या हाती यातले शेवटचे दहा-चौदा दिवसच असत; गटारे तपासणाऱ्याला तीनेक आठवडे मिळत.

पिसू-निर्देशांक म्हणजे सापडलेल्या पिसवा भागिले तपासलेले उंदीर. पिंजऱ्यातला उंदीर कापडी पिशवीत घेऊन बेशुद्ध करतात व पांढऱ्या थाळीवर त्याचे केस विंचरून पिसवा मोजतात. निर्देशांक १ च्या वर गेला की धोका, असा संकेत आहे. मात्र तो कोणत्या पिसवांचा, यावर दीर्घकाळ मतभेद होते. झेनोप्सिला चिओपिस व झेनोप्सिला अ‍ॅस्टिया या जाती वरवर सारख्याच दिसतात. अ‍ॅस्टिया प्लेग फारसा पसरवीत नाही व मद्रास-कोलंबो भागांत साथ मंद राहण्याचे ते एक कारण असावे, असे प्लेगचे अभ्यासक हर्स्ट यांनी १९१३ च्या सुमारास कोलंबोहून सुचविले. हवामानाला अधिक महत्त्व देणारेही होते. हर्स्ट यांचे मत पुढे बव्हंशी ग्राह्य धरले गेले; म्हणून एकूण निर्देशांकाबरोबर केवळ चिओपिसचा निर्देशांक वेगळा काढणे अधिक योग्य.

संख्येचा अंदाज पिंजऱ्यांवरून काढतात. ५० पिंजरे तीन रात्री लावले व १२ उंदीर सापडले, तर प्रमाण ८ टक्के (५० × ३ = १५० पिंजरा-रात्रींमागे १२). तपकिरी उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पिंजरे आधी काही दिवस आमिष घालून उघडेच ठेवतात. घुशींसाठी बिळे बरी: संध्याकाळी सर्व तोंडे मातीने लिंपून सकाळी उकरलेली तेवढी मोजायची. लेंड्या, कुरतडल्याच्या खुणा व जमिनीवर पसरलेल्या पिठीवरचे पावलांचे ठसे वावर दाखवतात, संख्या क्वचितच.

मुंबई महानगरपालिका रात्री काठी व बॅटरी घेतलेल्या कामगारांकडून उंदीर मारून घेते. मारलेल्यांचा आकडा वृत्तपत्रांत येतो, पण तो सर्वेक्षणाचा आकडा नव्हे. कामगार वाढले की तोही वाढतो.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे प्लेग आढळला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर वाढले, हे स्पष्टीकरण बरेचदा दिले जाते. ते संभाव्य आहे, सिद्ध मानणे घाईचे होईल.

पिंजऱ्यात चिचुंद्रीही सापडते. ती कृंतक (उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा प्राणी) नाही, तरी तिच्या अंगावर चिओपिस आढळत असल्याने तिची मोजणी वेगळ्या रकान्यात करतात.