अनुभवी हातांनाही पुतळा का लागतो?

रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावरचा सराव विद्यार्थ्यांनी करावा, वॉर्डात वीस वर्षे काढलेल्या परिचारिकेने किंवा डॉक्टरने त्यातून नवे काय शिकायचे, असा समज वैद्यकीय क्षेत्रातही आढळतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचे, म्हणजे सीपीआरचे, एकच उदाहरण या समजाला खोटे ठरवते.

नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये या सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा बाजारात आणला. प्रौढांची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी, हे सगळ्यांना पाठ असते. खरी मेख मात्र छाती पूर्ण सोडण्यात आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रोहिण्या हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महारोहिणीच्या मुळाशी फुटतात आणि त्यांतून रक्त वाहते ते मुख्यतः छाती सोडल्यावर, तेही महारोहिणीतील दाब उजव्या अलिंदातील (शिरांतून परतलेले रक्त घेणाऱ्या हृदयाच्या कप्प्यातील) दाबापेक्षा पुरेसा जास्त असेल तरच. थकलेल्या हातांचा भार छातीवर राहिला, तर बरगड्यांचा पिंजरा पूर्ण वर येत नाही, शिरांतले रक्त हृदयात नीट परतत नाही, अलिंदातील दाब चढाच राहतो आणि हा फरक घटतो. दाबणे थांबवले, तर तो काही सेकंदांत कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला अनेक दाब द्यावे लागतात. म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा आणि खंड १० सेकंदांपेक्षा कमी ठेवायचा.



छाती पूर्ण न सोडण्याची ही चूक खऱ्या रुग्णावर जाणवत नाही. खाटेवरची गादीही दबत असल्याने खोलीचा अंदाज फसतो. सेन्सर बसवलेल्या पुतळ्यावर मात्र दुसऱ्या मिनिटाला कोपर वाकू लागते, दाबाची खोली दाखवणारी पडद्यावरची रेषा शून्याला टेकेनाशी होते आणि इतका वेळ आपण उत्तम दाबत आहोत असे मानणारी अनुभवी परिचारिका ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. हे कसब काही महिन्यांतच ओसरू लागते. त्यामुळे दोन वर्षांतून एकदा प्रमाणपत्र नवे करण्यावर न थांबता, वॉर्डातच दर दोन-तीन महिन्यांनी पाच मिनिटे पुतळ्यावर हात चालवणे मला अधिक मोलाचे वाटते.