स्वयमवर जीवशास्त्राचा कोर्स करायचाय? नावनोंदणीपासून क्रेडिटपर्यंतची सगळी प्रक्रिया

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका मुलीनं स्वयमवरचा जीवशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स मन लावून केला. एकही असाइनमेंट चुकवली नाही. परीक्षा तोंडावर आल्यावर हॉल तिकीट कुठं मिळतं हे विचारायला ती माझ्याकडे आली, तेव्हा कळलं की तिनं परीक्षेचा अर्जच भरलेला नाही. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदलं गेलं, अशी तिची समजूत होती. मुदत संपून बरेच दिवस झाले होते आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि कॉलेजात स्वयमचं काम बघते. तिला वेळेवर विचारायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे. म्हणून सगळी प्रक्रिया एकदा नीट लिहून ठेवते.

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आहे. 9 जुलै 2017 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ते सुरू झालं. व्हिडिओ बघणं, वाचणं, असाइनमेंट सोडवणं, चर्चेत प्रश्न विचारणं हे सगळं मोफत आहे. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला.

कोर्स कुठला, आणि तो कोण चालवतं?

इथं थोडं थांबा, कारण पुढचे सगळे नियम यावर ठरतात. स्वयमवरचे कोर्स एकच संस्था चालवत नाही. पदवीच्या पातळीवरचं जीवशास्त्र शोधायला गेलात की मुख्यतः दोन नावं दिसतील, एनपीटीईएल (आयआयटींनी मिळून चालवलेला ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) आणि सीईसी (विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था). एनपीटीईएलवर आयआयटी, आयसर यांसारख्या संस्थांचे प्राध्यापक शिकवतात. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांसाठी आयआयटी मद्रासचा ‘बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स अँड अदर नॉन-बायोलॉजिस्ट्स’ हा कोर्स खास बेतलेला आहे. सीईसीचे कोर्स मात्र बीएस्सीच्या अभ्यासक्रमाच्या जवळ जाणारे असतात: पेशीशास्त्र, आनुवंशिकी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. प्रत्येक कोर्स दर सत्रात असतोच असं नाही, त्यामुळं जानेवारी आणि जुलै या दोन्ही सत्रांच्या याद्या बघाव्यात.

एनपीटीईएलची परीक्षा एनपीटीईएलच घेतं. सीईसीच्या कोर्सची परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळं, तारखा वेगळ्या. वर्गातल्या मैत्रिणीनं अर्ज भरला म्हणून आपलाही त्याच तारखेला असेल, असं धरून चालू नका.

पात्रता

शिकायला बसण्यासाठी अट जवळजवळ नाहीच. कॉमर्सचा विद्यार्थी, नोकरी करणारा, घर सांभाळणारी गृहिणी, कुणीही नाव नोंदवू शकतं. कोर्सच्या पानावर ‘पूर्वतयारी’ म्हणून काही लिहिलेलं असेल तर ती सूचना असते आणि ती पाळलेली बरी.

पण एक प्रश्न मला दर वर्षी पालक विचारतात आणि त्याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. ‘मुलानं बारावीला गणित घेतलं, जीवशास्त्र सोडलं. आता हा कोर्स केला तर वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देता येईल का?’ नाही. स्वयमचं प्रमाणपत्र बारावीच्या विषयाची जागा घेत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा विषय उत्तीर्ण व्हावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेलेही नीटला पात्र आहेत. एनआयओएससारख्या मुक्त विद्यालयी मंडळाकडे जावं लागतं ते त्यासाठी. तो रस्ता वेगळा, हा वेगळा. या गोंधळात एखाद्या मुलाचं वर्ष गेलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

मग या कोर्सचा खरा उपयोग कुणाला? बीफार्मला गणित गटातून आलेल्यांना पहिल्या सत्रात रेमेडियल बायोलॉजी शिकावंच लागतं. अशा मुलांना सुट्टीत केलेला एखादा कोर्स मोठा आधार देतो. अभियांत्रिकीलाही आता अनेक ठिकाणी जीवशास्त्राचा विषय आहे. आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुक्त वैकल्पिक विषय घेणाऱ्या कला-वाणिज्यच्या मुलांना तर आहेच.

नावनोंदणी

स्वयमच्या संकेतस्थळावर ईमेलनं खातं उघडायचं. याला कुठलंही कागदपत्र लागत नाही. ईमेल मात्र स्वतःचा आणि कायम वापरातला हवा. सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेला, पासवर्ड विसरलेला नको. परीक्षेचा अर्जही त्याच ईमेलनं भरायचा असतो, नाहीतर असाइनमेंटचे गुण एका खात्यात आणि परीक्षा दुसऱ्या खात्यात अशी ताटातूट होते. तुमचं कॉलेज एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं कॉलेज, असेल तर प्रोफाइलमध्ये ते निवडा, म्हणजे कॉलेजच्या समन्वयकाला तुमची प्रगती दिसते.

त्यानंतर दर आठवड्याला असाइनमेंट, आणि तिला ठरलेली शेवटची तारीख. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम 8 असाइनमेंटची सरासरी धरतात, तिला 25 टक्के भार. परीक्षेला 75 टक्के. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 गुण हवेत, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे परीक्षेत कितीही चमकलात तरी असाइनमेंट सोडून दिल्या असतील तर प्रमाणपत्र नाही. सीईसीच्या कोर्समध्ये हा वाटा 30 आणि 70 असा असतो.

परीक्षेचा अर्ज आणि कागदपत्रं

कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी परीक्षेचा अर्ज खुला होतो. तो स्वतः भरायचा आणि शुल्क ऑनलाइन भरायचं. एनपीटीईएलचं शुल्क गेली अनेक वर्षं एका कोर्सला 1000 रुपये राहिलं आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत मिळते. एनटीएचं शुल्क प्रवर्गानुसार बदलतं आणि त्या त्या सत्राच्या सूचनेत छापलेलं असतं. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

हाताशी ठेवायचं ते असं: पासपोर्ट आकाराचा अलीकडचा फोटो, सहीची स्कॅन प्रत, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, कॉलेजचा रोल नंबर, आणि सवलत हवी असेल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र. मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल या भरवशावर जाऊ नका. परीक्षा घरून होत नाही, ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अर्जात शहर निवडताना एसटीनं वेळेवर पोचता येईल असंच गाव निवडा. सकाळच्या सत्रासाठी आदल्या रात्री मुक्काम करावा लागला तर शुल्कापेक्षा तोच खर्च जास्त होतो.

नावाबद्दल थोडं जास्त सांगते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर नाव आधी येतं, वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर कागदागणिक नाव बदलतं. प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं जे तुम्ही अर्जात लिहिता. कॉलेजच्या नोंदीशी आणि आधारशी ते जुळत नसेल तर क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे श्रेयांक, जमा होताना अडतं. अर्जात दुरुस्तीची मुदत असते, तेवढ्यात सुधारून घ्या.

क्रेडिट मिळवायचं असेल तर

नुसतं शिकायचं असेल तर हा भाग सोडलात तरी चालेल. क्रेडिट हवं असेल तर मात्र कोर्स सुरू होण्याआधी कॉलेजकडून लेखी होकार घ्या. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी 40 टक्क्यांपर्यंत स्वयमवरून करता येतात, पण कुठल्या कोर्सला मान्यता द्यायची हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज करा, सोबत कोर्सच्या पानाची छापील प्रत जोडा, ज्यावर आठवडेवार अभ्यासक्रम आणि क्रेडिटची संख्या दिसते. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट असतात. तुमच्या अभ्यासक्रमात त्या जागी 4 क्रेडिटचा विषय असेल तर उरलेल्या एकाचं काय, हे आधीच विचारून घ्या. निकाल लागल्यावर विचारलंत तर उत्तर बहुधा ‘बघू’ असं येतं.

डिजिलॉकरमधून एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढून ठेवा, तुमचे क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. त्याला आधार लागतं आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं, घरी टपालानं येत नाही.

प्रॅक्टिकलचं काय?

जीवशास्त्र ऑनलाइन शिकताना हीच खरी अडचण आहे. व्हिडिओत सूत्री विभाजनाच्या अवस्था रंगीत आणि स्वच्छ दिसतात. प्रत्यक्षात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड स्वतः केली की पहिल्या तीन स्लाइडमध्ये नुसता लगदा दिसतो, आणि चौथ्या वेळी एका कोपऱ्यात गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी दिसतात. तो क्षण पडद्यावर मिळत नाही.

म्हणूनच यूजीसीच्या नियमातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. क्रेडिटसाठी कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सोयी मोफत आणि पुरेशा प्रमाणात देणं ही त्याच्या मूळ संस्थेची जबाबदारी आहे, आणि प्रॅक्टिकल घेण्यासाठी समन्वयक नेमणंही. फार थोड्या विद्यार्थ्यांना हे माहीत असतं. तुमच्या अर्जातच लिहा: ‘या कोर्ससाठी आठवड्यातून एकदा जीवशास्त्राची प्रयोगशाळा उपलब्ध करून द्यावी.’ हे लिहिताना संकोच वाटायचं कारण नाही, ते तुमच्या हक्काचं आहे.

कॉलेजशी संबंध नसलेल्यांनी व्हर्च्युअल लॅब्ज या सरकारी संकेतस्थळावरचे जीवशास्त्राचे प्रयोग करून बघावेत. स्लाइडची जागा ते घेणार नाहीत, पण कुठल्या पायरीला काय होतं ते समजतं.

भाषेची धास्ती असेल तर पहिला व्हिडिओ लावण्याआधी राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञान भाग 2 काढा आणि पहिले दोन धडे वाचा, आनुवंशिकता व उत्क्रांती आणि सजीवांतील जीवनप्रक्रिया. प्रतिलेखन, भाषांतरण, तंतुकणिका, क्रेब चक्र हे सगळं तिथं मराठीत आहे. वहीच्या पानाच्या डाव्या बाजूला हे शब्द लिहा आणि प्राध्यापकांच्या तोंडून इंग्रजी शब्द आला की उजवीकडे तो देवनागरीत उतरवत जा. आमच्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उजवी बाजू भरत जाते, आणि मग ती व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची सोडून देतात.