राष्ट्रीय ओळखपत्रातील चिप आणि खासगीपणा

राष्ट्रीय ओळखपत्रात इलेक्ट्रॉनिक चिप आली की तीन शंका निघतात: कोणीतरी नकळत माहिती वाचेल, कार्डावरून माणसाचा माग काढला जाईल, आणि प्रत्येक तपासणीची नोंद सरकारदरबारी साठत जाईल. तिन्ही एका दमात बोलल्या जातात, पण त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. कार्डाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली की पहिली बरीचशी मिटते. तिसरीवर फॉइलचा काडीचाही उपयोग नाही.

चिप दोन तऱ्हांच्या असतात. एकीवर सोनेरी पत्री दिसते. ती रीडरच्या खाचेत घातल्याशिवाय बोलत नाही. दुसरी प्लास्टिकच्या आत दडलेली असते. तिला बॅटरी नसते. कार्डाच्या कडेने फिरवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून ती रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातली वीज उचलते. पत्री दिसली म्हणजे कार्ड सुरक्षित, असे मात्र नाही. बेल्जियमच्या पत्रीवाल्या कार्डातले नाव, पत्ता आणि राष्ट्रीय क्रमांक पिन न मागता कोणताही साधा रीडर वाचू शकत असे. त्या क्रमांकात जन्मतारीखही गुंफलेली असते.

बिनस्पर्शाच्या चिपचे ठरलेले अंतर सुमारे १० सेंटिमीटर. मोठा अँटेना आणि जादा वीज वापरून प्रयोगशाळेत ते २५ सेंटिमीटरपर्यंत नेता आले आहे. त्यापुढे गाडी अडते, कारण चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि चिपला जागे व्हायलाच वीज पुरत नाही. अधिकृत रीडरशी चाललेले बोलणे बाजूला उभे राहून ऐकणे ही वेगळी गोष्ट. तिथे चिपला वीज दुसराच पुरवत असतो, त्यामुळे ऐकणारा काही मीटर लांब असला तरी चालते. बातम्यांमध्ये या दोन अंतरांची हमखास गल्लत होते. अमेरिकेच्या पासपोर्ट कार्डाचे प्रकरण आणखी निराळे. त्यात जास्त वारंवारतेचा टॅग, म्हणजे रेडिओलहरींवर क्रमांक सांगणारी छोटी चिप असते, ती ६ ते ९ मीटरवरूनही वाचता येते. त्यात नाव-गाव नसते, फक्त सरकारी नोंदीकडे नेणारा क्रमांक असतो; पण तो बदलत नाही. म्हणूनच ते कार्ड रेडिओलहरी अडवणाऱ्या पाकिटासह दिले जाते.

वाचायला जवळ आलेल्याला चिप दाद देते का, हे किल्लीवर, म्हणजे चिपचे कुलूप उघडणाऱ्या गुप्त संकेतावर ठरते. ई-पासपोर्टच्या जुन्या पद्धतीत ही किल्ली दस्तऐवजाचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून तयार होते. क्रमांक ओळीने दिलेले असतील आणि वयाचा अंदाज असेल, तर शक्यता झपाट्याने कमी होतात, आणि टिपून ठेवलेले बोलणे नंतर निवांत फोडता येते. नव्या पद्धतीत कार्डाच्या दर्शनी बाजूला छापलेला सहा अंकी क्रमांक लागतो. शक्यता दहा लाखच, पण टिपलेल्या बोलण्यावर त्या घरी बसून ताडून पाहता येत नाहीत. प्रत्येक अंदाज चिपलाच विचारावा लागतो. एका प्रयत्नाला एक सेकंद धरला तरी सगळे क्रमांक संपायला साडेअकरा दिवस. अर्थात कार्डाची झेरॉक्स हाती असलेल्याला अंदाज करायची गरजच नाही: तो क्रमांक झेरॉक्सवर स्वच्छ उमटलेला असतो.

माग काढायला माहिती फोडावीच लागते असे नाही. रीडरसमोर येताच चिप आपला एक क्रमांक सांगते. तो कायमचा असेल तर गळ्यात पाटी बांधल्यासारखेच. म्हणून चांगली कार्डे दर वेळी नवा, यादृच्छिक क्रमांक देतात. तरी फटी राहतात. २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ई-पासपोर्टला त्याचाच जुना, टिपलेला संदेश परत ऐकवला. ज्याचा संदेश होता तो पासपोर्ट इतरांपेक्षा किंचित उशिरा नकार देत असे, आणि तेवढ्यावरून तो ओळखू येई.

चिपमधील दोषाचे मोठे उदाहरण एस्टोनियाचे. २०१७ मध्ये तिथल्या कार्डांच्या चिपमध्ये किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत चूक सापडली: सर्वांना उघड असलेल्या सार्वजनिक किल्लीवरून धारकाची गुप्त खासगी किल्ली गणिताने काढता येऊ शकत होती. सुमारे साडेसात लाख कार्डांची, किल्ली धारकाचीच असल्याची ग्वाही देणारी डिजिटल प्रमाणपत्रे नोव्हेंबरमध्ये स्थगित करून अद्ययावत करावी लागली. ही कार्डे पत्रीवाली होती, म्हणजे इथे फॉइल असून नसून सारखीच.

खरा वाद नोंदवहीचा. ब्रिटनच्या २००६ च्या ओळखपत्र कायद्यात मध्यवर्ती नोंदवहीत कोणाची माहिती केव्हा पुरवली याचीही नोंद ठेवण्याची तरतूद होती, आणि विरोधाचा रोख चिपपेक्षा तिच्यावर जास्त होता. २०१० मध्ये कायदा रद्द झाला. नोंदवहीच्या हार्ड डिस्क २०११ च्या फेब्रुवारीत नष्ट करण्यात आल्या. उलट बाजूने, भारताच्या आधार कार्डावर चिप नसून क्यूआर कोड असतो, तरी मध्यवर्ती नोंदींविषयीचे प्रश्न तसेच राहतात.

जर्मनीची १ नोव्हेंबर २०१० पासूनची रचना या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. माहिती मागणाऱ्या सेवेकडे आधी सरकारमान्य परवाना-प्रमाणपत्र लागते, आणि चिप त्यात लिहिलेल्या रकान्यांपलीकडे काही देत नाही. वय विचारले तर जन्मतारखेऐवजी ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रत्येक सेवेला वेगळे टोपणनाव मिळते, त्यामुळे दोन सेवांना आपापल्या याद्या जुळवता येत नाहीत. धारकाचा पिन सहा अंकी, संधी तीन. कच्चा दुवा कार्डाबाहेर आहे: बटणे नसलेला स्वस्त रीडर वापरला तर पिन संगणकाच्या कीबोर्डवर टाइप होतो आणि तिथे बसलेले घातक सॉफ्टवेअर तो टिपते.

बोटांचे ठसे हा सर्वांत नाजूक भाग. युरोपीय संघात २ ऑगस्ट २०२१ पासून नव्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोन बोटांचे ठसे ठेवणे बंधनकारक झाले. राष्ट्रीय कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर कार्यालयाकडील प्रत कार्ड हाती पडेपर्यंत, जास्तीत जास्त ९० दिवस ठेवायची. २१ मार्च २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो नियम चुकीच्या कायदेशीर आधारावर केल्याचे म्हणून अवैध ठरवला, पण ठशांची सक्ती मात्र समर्थनीय मानली.

धारकाच्या हातातले उपाय साधे आहेत. पाकीट खरेच रेडिओलहरी अडवते का, हे फोनचे एनएफसी (बिनस्पर्शाच्या चिप जवळून वाचणारी सोय) चालू करून पाकिटावर टेकवून पाहावे. फोनने कार्ड ओळखले तर पाकीट बदलावे. झेरॉक्स देताना दर्शनी क्रमांक झाकावा. चिप मायक्रोवेव्हमध्ये जाळण्याचा सल्ला मात्र वाईट: प्लास्टिकवर करपल्याचा डाग पडतो, आणि छापील माहिती जशीच्या तशी राहते. जर्मनीत तर चिप बंद पडली तरी ओळखपत्र कायद्याने वैधच असते.