कोणता कॉलम? कॉलम टोबीन की कॉलम मकॅन?

इंग्रजी स्पेलिंगमध्ये निदान एका 'यू'चा फरक दिसतो. देवनागरीत तोही जातो, आणि उच्चार दोन्हींचा 'कॉलम'च. नावाचं मूळही एकच: 'कोलुम्बा', म्हणजे लॅटिनमधलं कबुतर. दोघे आयरिश कादंबरीकार, दोघे न्यूयॉर्कमध्ये शिकवत आलेले, डब्लिनचा इम्पॅक साहित्य पुरस्कार दोघांनाही. कहर म्हणजे दोघांच्या सर्वांत गाजलेल्या, न्यूयॉर्कशी जोडलेल्या कादंबऱ्या एकाच वर्षी आल्या, २००९ साली. मी लायब्ररीतून 'ब्रुकलिन' समजून 'लेट द ग्रेट वर्ल्ड स्पिन' घरी आणली होती.

'ब्रुकलिन' टोबीनची. जन्म १९५५, वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी गावी. बारा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे बार्सिलोना, डब्लिनमधली पत्रकारिता, 'मॅगिल' मासिकाचं संपादन. पण लेखणी फिरून एनिस्कॉर्थीलाच येते. 'नोरा वेबस्टर'मधली नवरा गेलेली बाई तिथलीच. 'ब्रुकलिन'मधली एलिशही तिथलीच. बोटीवर तिच्या पोटात ढवळून येतं, आणि शेजारच्या केबिनवाल्यांनी सामायिक बाथरूमचं दार आतून लावून घेतलेलं असतं. परदेशी जाण्याचं सगळं एकटेपण टोबीन त्या बंद दारात बसवतात, तेही आवाज न चढवता. 'लाँग आयलंड'मध्ये (२०२४) तीच एलिश वीसेक वर्षांनी गावी परतते.

मकॅन दहा वर्षांनी लहान, डब्लिनचे, पत्रकाराचा मुलगा. विशीत सायकलवरून अमेरिका पालथी घातली. त्यांना स्वतःच्या गावापेक्षा दुसऱ्यांच्या आयुष्यांची ओढ जास्त: कधी नर्तक नुरेयेव्ह, कधी रोमा कवयित्री. मी चुकून आणलेल्या पुस्तकात ७ ऑगस्ट १९७४ रोजी एक माणूस ट्विन टॉवर्सच्या मधल्या तारेवरून चालतो, आणि खाली माना वर करून थांबलेल्या शहरातली माणसं एकेक करून बोलू लागतात. 'अपेरोगॉन'मध्ये (२०२०) मुली गमावलेले दोन बाप आहेत, एक इस्रायली, एक पॅलेस्टिनी. प्रकरणांचे आकडे एक ते पाचशे चढतात, मध्ये एकच १००१, मग पाचशेपासून एकवर उतरतात. असली कसरत टोबीन करणार नाहीत.

मात्र 'टोबीन म्हणजे गाव, मकॅन म्हणजे जग' असं पाठ करू नका. टोबीननी हेन्री जेम्स आणि थॉमस मान या लेखकांवरही कादंबऱ्या लिहिल्यात. फक्त तिथेही ते घरातच शिरतात: कोण काय बोललं नाही, ते ऐकायला.