‘एक वाचली की सगळ्या वाचल्या’, खरंच?

“प्रेमकादंबऱ्या सगळ्या एकाच साच्यातल्या, एक वाचली की सगळ्या वाचल्या,” हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण साचा खरोखरच असतो.

आजच्या इंग्रजी रोमान्समध्ये वाचकाला दोन गोष्टींची हमी असते: केंद्रस्थानी प्रेम आणि शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा. शिवाय ओळखीचे प्रसंग. आधी हाडवैर मग प्रेम, लग्नाचं नाटक, हॉटेलात उरलेली एकच खोली. पण रहस्यकथेतही खुनी सापडणार हे ठाऊक असतंच की! फरक पडतो तो मांडणीत.

पडताळून पाहायचं तर 300 पानांची कादंबरी घ्या. बहुधा 220 ते 240 पानांच्या आसपास दोघांत दुरावा येतो. तिथे थांबून विचारा: हे एका फोनवर मिटलं असतं का? मिटलं असतं, तर भांडण ओढूनताणून आणलंय. पण नायिकेची भीती पहिल्या 50 पानांतच पेरलेली असेल, तर तोच दुरावा चटका लावतो. आता त्याच कल्पनेवरची दुसरी कादंबरी घेऊन हेच करा.

मग एकाच पुस्तकाचे वाचकांनी ऑनलाइन दिलेले पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे दहा-दहा अभिप्राय उघडा, कारणांखाली रेघ मारा. कितीदा तरी दोन्हीकडे कारण एकच निघतं: नायक तुसडा आहे. एका वाचिकेला तो फक्त नायिकेपुढे विरघळतो म्हणून आवडतो, दुसरीला तो निव्वळ उर्मट वाटतो. निवड करताना तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत. काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही तिथे सापडतं.